हाकेची मुदत

मे लागला की धक्क्याचे खांब बर्फातून सुटतात
आणि मी बोटी तपासायला निघतो.
फुकट. पगार म्हणाल तर कॉफी,
कधीमधी वेलदोड्याच्या गोड पावाचा एक काप.
जॅकेटं मोजतो, शिट्टी फुंकून बघतो,
आणि शेवटी म्हणतो,
आता हाक मारायचं सामान दाखवा.

आउने कांगसने केशरी डबा उघडला.
आत चार नळकांडी, लाल.
प्रत्येकावर विल्होच्या हातची पेन्सिल:
कधी घेतलं, कधीपर्यंत चालेल.
चौथ्यावरची तारीखही उलटून गेलेली,
विल्होला जाऊन जितके दिवस झाले
त्याहून थोडे कमी.

दारू जुनी झाली की चढते म्हणतात.
नळकांड्यातली मात्र बेचाळीस महिन्यांत
कागदोपत्री उतरते.

मी म्हटलं, ही चालायची नाहीत.
ती म्हणाली, मग टाकू कुठे?
कचरागाडीवाला हात लावत नाही.
अग्निशामकवाले म्हणतात, काउंटीला विचारा.
काउंटी म्हणते, सप्टेंबरात एक शनिवार असतो,
मागच्या वर्षी नव्हता.
सरोवरात टाकायची तर चोरी,
आणि पेटवून संपवायची तर ती हाकच झाली,
खोटी.

विल्होने एक खरी पेटवली होती.
इंजिन बंद, वारा किनाऱ्यावरून आत ढकलणारा.
तीन मिनिटं जळते ती.
वितळलेला थेंब मनगटावर पडला
तरी त्याने हात खाली घेतला नाही.
पुढे जन्मभर घड्याळ उजव्या हाताला.

तिने शेवटी दिवा आणला.
थर्मासएवढा, पाण्यावर तरंगणारा.
तीन तोकडे, तीन लांब, तीन तोकडे,
सेल आहेत तोवर, रात्रभर,
न भाजता, न थकता.
दिवसासाठी सोबत एक नारिंगी फडकं,
त्यावर काळा चौकोन, काळा गोल.
तिला काही पटेना.
आगीकडे माणूस बघतोच, म्हणाली.
ह्या लुकलुकीकडे कोण बघतंय?
हल्ली ज्याच्या त्याच्या अंगणात असलं काहीतरी.
नियमात बसतं,
एवढंच मला सांगता आलं.

पाण्यावर लावून बघणं म्हणजे गाव उठवणं,
म्हणून ती रात्री सौनात शिरली.
दार लावलं. दिवा फिरवला.
भट्टी गार, फळ्यांना अजून बर्च-पाल्याचा वास.
बाकावर बसून ती मोजत राहिली,
तोकडे, लांब, तोकडे,
आणि खिडकी विसरली.
वीतभर खिडकी. सरोवराच्या अंगाची.

पलीकडच्या काठावर तौनो हेइक्किला,
वय एक्याऐंशी, रात्रीतून तिसऱ्यांदा उठलेला.
त्याने फोन लावला.
तो तिच्या स्वयंपाकघरात वाजत राहिला.
मग त्याने होडी ढकलली.

पायात घरातल्या सपाता,
पण जॅकेटचे तिन्ही पट्टे आवळलेले,
हे त्याने मला दोनदा सांगितलं.
सौनाच्या दारावर थाप मारून त्याने विचारलं,
बुडते आहेस का?

आउने म्हणाली, नाही.
मग जरा वेळाने,
आलाच आहेस तर बस.
किती वेळ बसला ते दोघांनीही सांगितलं नाही.
दिवा बंद करायचं मात्र
उजाडेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

फॉर्मवर मी लिहिलं: दिवा, चालू.
कुणाला दिसला का, असा रकाना त्यात नाही.
बोटीच्या काचेवर यंदाचं स्टिकर चिकटवलं,
थोडं तिरकं लागलं.

ती चार नळकांडी आता माझ्या गॅरेजात आहेत,
वरच्या फळीवर, कोरड्यात,
सप्टेंबरातल्या त्या शनिवारची वाट बघत.
पेन्सिल अजून वाचता येते.